निनाद, तुझी बाटली वेगळी होती

निनाद, हा लेख तुझ्या हातात पडला असता तर तू आधी शेवट वाचला असतास आणि मग मला विचारलं असतंस, "हे असंच झालं का दत्ता? तेव्हा तिथे दुसरं कोण होतं?" म्हणून आधीच सांगतो. यातलं काही मी एकट्याने पाहिलेलं आहे. शेवटचं जे आहे ते तुझ्या आईसमोर झालं. त्यांना विचारता येईल.

मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या मुलीने हा लेख मागितला तेव्हा ती म्हणाली, त्याचं शिक्षण, छंद, बक्षिसं असं लिही. मला त्यातलं फार माहीत नाही. छंद म्हणशील तर संशय घेणं हा एकच मला दिसला. तू त्याला 'शक' म्हणायचास. "मला शक आहे यार," असं म्हणून मान तिरकी करायचास. कँटीनच्या पनीरवर शक, मेट्रोच्या पाटीवर लिहिलेल्या मिनिटांवर शक, प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतः तपासून दिलेल्या रसायनावरही शक.

आपल्याला एका बाकावर मॅडमनीच बसवलं. दोघं मराठी, पटेल, असं त्यांना वाटलं असणार. तुझा पहिला प्रश्न होता, "तू परभणीचा ना? मग इतक्या लांब दिल्लीला का आलास?" तू तो कसा विचारलास ते मला माहीत आहे. कुतूहलाने. पण मला तो तसा ऐकू आला नाही. माझे वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दिल्लीत आल्यापासून गार्ड, घरमालक, बँकेतली बाई, सगळे मला हेच विचारत होते, फक्त जरा वेगळ्या शब्दांत: तू इथे काय करतोयस. त्यामुळे तुझं नाव मी मनातल्या मनात त्यांच्याच रांगेत लावून टाकलं. तू मला तपासतोयस आणि मला तपासून घ्यायचं नाही, असं आपलं पहिल्या दिवसापासून चालू झालं.

काम मात्र आपल्याला दोघांनाही आवडलं होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये एक छोटं, फार ताकदीचं चुंबक असतं. त्यात निओडिमियम नावाचा धातू असतो, दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. तो खाणीतून काढायला भरपूर घाण करावी लागते आणि आपण तो भंगारात फेकून देतो. आपण एका निरुपद्रवी जिवाणूत दुसऱ्या जिवाणूचं जनुक बसवलं होतं. त्यामुळे तो एक प्रथिन तयार करायचा, आणि ते प्रथिन हा धातू घट्ट पकडतं. चुंबक आम्लात विरघळवायचं, लोखंड वेगळं काढायचं, उरलेल्या पाण्यात आपले जिवाणू सोडायचे. त्यांनी धातू पकडला की नळी यंत्रात जोरात फिरवायची, म्हणजे जिवाणू धातूसकट तळाशी बसतात. कागदावर एवढंच होतं.

मुनिरकाच्या माझ्या खोलीवर यूपीएससीवाले तिघं होते. त्यांना मी हे समजावून सांगितलं तर लातूरचा सचिन पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे तू जंतूंना भंगारवाले केलंस."

"तसंच काहीसं."

"आणि भंगारवाल्यांचं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी मी तुला हे हसत सांगितलं. तू हसला नाहीस. म्हणालास, "प्रश्न बरोबर आहे यार. याचं उत्तर आपल्याकडे नाहीये." आणि स्पर्धेसाठी करायच्या पोस्टरच्या कच्च्या मजकुरात तो प्रश्न तसाच्या तसा लिहून टाकलास.

सीलमपूरच्या भंगाराच्या गल्लीत आपण डिस्क आणायला गेलो होतो ते आठवतंय? दुकानदाराने आपल्या दोघांच्या पाठीवरच्या बॅगा पाहिल्या आणि शटर अर्धं खाली ओढलं. त्याला वाटलं आपण प्रदूषणवाले आहोत, सॅम्पल घ्यायला आलोय. तू त्याला कॉलेजचं ओळखपत्र दाखवलंस. तो म्हणाला, "कार्ड तो कोई भी बनवा लेता है." तुला ते इतकं पटलं की तू लगेच मान डोलावलीस. मग त्याने डिस्क दिल्या तर तू तिथेच स्क्रूड्रायव्हर काढून एकेक उघडून बघायला लागलास, आतलं चुंबक आधीच कोणी काढून घेतलंय का म्हणून. तो चिडला, तू उघडत राहिलास, मी दोघांच्या मध्ये उभा. परतताना तू म्हणालास, "चांगला माणूस होता." मी म्हटलं, कशावरून? "त्याने आपल्यावर विश्वास ठेवला नाही ना."

मला वाटतं त्या दिवशी मी तुला थोडं ओळखायला हवं होतं.

आपण काम वाटून घेतलं. जनुक बसवलेले खास जिवाणू वाढवायचे, धुवायचे आणि तयार करायचे ते मी. तुलनेसाठी साधे, जनुक नसलेले जिवाणू तसेच तयार करायचे ते तू. मग दोघांच्या नळ्यांत तोच धातू घालायचा, फिरवायच्या, आणि वरच्या पाण्यात एक रंग टाकायचा. पाण्यात धातू उरला असेल तर रंग निळा होतो, उरला नसेल तर गुलाबीच राहतो. तुझ्या नळ्या निळ्या व्हायच्या. माझ्या गुलाबी राहायच्या. म्हणजे आपले खास जिवाणू सगळाच्या सगळा धातू गिळत होते. हरप्रीतने, आपल्या टीममधल्या तिसऱ्याने, पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कँटीनमधून सगळ्यांसाठी समोसे आणले. मी घरी फोन केला. वडिलांना निओडिमियम कळलं नाही, पण "जमलं का?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

तू समोसा खाल्लास आणि म्हणालास, "तुझे आकडे फार गुणी आहेत दत्ता."

"म्हणजे?"

"म्हणजे कधी चुकतच नाहीत. परवा तुझे जिवाणू नीट वाढले नव्हते, निम्मेच होते. तरी धातू सगळा गायब. निम्म्या स्टाफने पूर्ण काम? असं कुठल्या ऑफिसात होतं?"

हरप्रीत हसला. मी हसलो नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी नळ्या मोजायला बसलो तर आकडे कशाशीच जुळेनात. निळ्याच्या जागी गुलाबी, गुलाबीच्या जागी निळा. मी परत मोजलं. शेवटी हरप्रीतला राहवलं नाही. "अरे भाई, इसने लेबल बदल दिए थे. देख रहा था तू कैसे मापता है."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू शांतपणे सांगितलंस की कोणत्या नळीवर खरं कोणतं लेबल होतं, आणि तसं लावल्यावर सगळं पूर्वीसारखंच निघालं. माझ्या गुलाबी, तुझ्या निळ्या. मला वाटलं आता तू सॉरी म्हणशील. तू म्हणालास, "अच्छा. म्हणजे मोजताना काही होत नाहीये. त्याच्या आधी काहीतरी होतंय."

"त्याच्या आधी सगळं मी करतो."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"मग कुणाचं घेतलंस?"

तू नळ्या परत स्टँडमध्ये लावल्यास. मग म्हणालास, "उद्या मी तुझ्याशेजारी उभा राहून बघतो." मी म्हटलं, "मग सगळं तूच कर," आणि बॅग उचलून निघालो.

दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. ताप आला होता.

हॉस्पिटलात मी आलो तेव्हा तुझ्या हाताला सलाईन होतं आणि ओठ फुटले होते. तू विचारलंस, "मुनिरकात पाणी येतंय का?" मी सांगितलं, टँकरवर चालू आहे. तू हॉस्पिटलच्या डाळीबद्दल बोललास, तिच्यात डाळ आहे यावर तुला शक होता. आपण दोघंही नळ्यांबद्दल बोललो नाही. मला वाटलं, हा बरा झाला की बोलू. तुला काय वाटलं ते मला कळलं नाही आणि आता कळणार नाही.

तू गेल्यावर मला फार रडू आलं असं लिहायला हवं. आलं, पण नंतर. आधी माझ्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती आणि तिची मला लाज वाटत होती. ती ही, की तू जाताना मला खोटारडा समजत होतास का? हा प्रश्न घेऊन मी तुझ्या घरी आलो.

तुमच्या सेक्टरच्या गेटवर गार्डने विचारलं, "किससे मिलना है?" मी तुझं नाव सांगितलं. सवयीने. तो क्षणभर थांबला, आणि या वेळी त्याने फोन न करताच मला आत सोडलं.

मी तुझं प्रयोगशाळेतलं सामान पिशवीत घालून आणलं होतं. पांढरा कोट, चष्मा, चार्जर, आणि तुझ्या मीठपाण्याची ती बाटली, जिच्यावर तू ठळक अक्षरांत 'हात लावू नये' लिहिलं होतंस. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईने, कोट मांडीवर घेतला. बराच वेळ त्याच्या बाहीची घडी सारखी करत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले डेंगू. तू मला सांग, त्या कचऱ्यात काय होतं?"

"काकू, डेंगूच होता. त्या कामाने असा ताप येत नाही. पण मी डॉक्टर नाही."

"तुमचं भांडण झालं होतं. तो घरी येऊन जेवला नाही."

"हो."

"कशावरून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, समोशांपासून. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, अगदी तुझ्यासारखी मान तिरकी करून. "मग मी तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू?"

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "नका ठेवू. येऊन बघा."

त्यांनी कोट बाजूला ठेवला आणि पिशवीतून बाटली काढली. 'हात लावू नये' वाचून पहिल्यांदा किंचित हसल्या. "तिथेही वेगळी बाटली? घरातही याला कुणाची बाटली चालायची नाही. शाळेत असल्यापासून." मग विचारलं, "आणि तू कोणतं पाणी वापरायचास? हेच?"

मी नाही म्हणालो, आणि बोलता बोलता थांबलो.

निनाद, हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. लपलेलं काहीच नव्हतं. जिवाणू धुवायला आणि मग त्याच पाण्यात ठेवायला मी आपल्या प्रयोगशाळेतली सगळ्यांची मोठी बाटली वापरायचो, जिच्यात फॉस्फेट असतं, कारण ते जिवाणूंना मानवतं आणि पहिल्या वर्षात आपल्याला तेच शिकवलं होतं. तू ती वापरायचा नाहीस. तिच्यात कोणीतरी वापरलेलं पिपेट बुडवतं असा तुला शक होता, म्हणून तू स्वतःचं नुसतं मीठपाणी बनवायचास. आम्ही त्यावरून तुला चिडवायचो. फॉस्फेट आणि निओडिमियम एकत्र आले की बारीक पांढरी भुकटी होते आणि ती तळाशी बसते, हेही आपण दोघं परीक्षेत लिहून आलेलो. पण जिवाणू धुण्याचं पाणी हे कुणाला प्रयोगाचा भाग वाटतं? तू माझ्या हातांवर नजर ठेवलीस, मी तुझ्या नजरेवर. बाटलीकडे कोणी पाहिलं नाही.

तरी तेव्हा ती माझी शंकाच होती. काकूंना मी म्हटलं, "कदाचित." त्या म्हणाल्या, "कदाचित नको. दाखव."

शनिवारी दुपारी मॅडमच्या परवानगीने त्या आल्या. पर्समध्ये शिवणाचा डबा होता. मी खास जिवाणू अर्धे माझ्या बाटलीतल्या पाण्याने धुतले, अर्धे तुझ्या. साधे जिवाणूही तसेच. आणि दोन नळ्या अशा ठेवल्या, ज्यांत जिवाणू नव्हतेच, एकीत नुसतं माझ्या बाटलीतलं पाणी, एकीत तुझ्या. सगळ्यांत धातू घातला, फिरवलं, वरचं पाणी नव्या नळ्यांत काढलं. सहाही नळ्या सारख्याच दिसत होत्या. कोणती काय ते मी डावीकडून क्रमाने काकूंना सांगितलं.

"आता तिकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधत होत्या, नळ्यांच्या जागा बदलत होत्या आणि पुटपुटत होत्या, टाके मोजतात तसं. मी विचारलं, "लिहून ठेवता का?" त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षात राहतं. लिहिलं तर तू बघशील."

मग त्या बोलायला लागल्या. तू लहान असताना चहाचे दोन कप समोर ठेवायचास म्हणे, एकात पाकिटाचं दूध, एकात सुटं, आणि विचारायचास, ओळख. काकू तुझ्या चेहऱ्यावरून ओळखतात हे कळल्यावर तू तोंड फिरवायला लागलास. काकू ओळखत असत, पण तू परत कप बदलायचास.

भिंतीकडे बघतच मी विचारलं. समोर बघून मला विचारता आलं नसतं. "काकू, तो मला खोटारडा समजत होता का?"

मागचा आवाज थांबला.

"मी त्याची आई," त्या म्हणाल्या. "माझे कप बदलायचा. मग मला काय समजत होता?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबांचे कधी बदलले नाहीत. बाबा जे म्हणतील त्याला हो म्हणायचा आणि उठून जायचा."

मला बरं वाटावं म्हणून त्या असं म्हणाल्या असतील, असा मला शक आहे. बघ, हे तुझ्याकडूनच आलं.

"वळ," त्या म्हणाल्या.

मी प्रत्येक नळीत रंग टाकला. तीन निळ्या झाल्या. तीन गुलाबी राहिल्या. काकूंनी गुलाबी नळ्या एकेक करून पुढे ओढल्या. "हिरवा. तुझी बाटली, तुमचे खास जिवाणू. पांढरा. तुझी बाटली, साधे जिवाणू." तिसरी नळी त्यांनी उचलून खिडकीकडे धरली. "पिवळा. हीसुद्धा तुझी बाटली. हिच्यात कोण होतं?"

"कोणीच नाही, काकू."

"मग धातू कुणी पकडला?"

"पाण्याने."

त्यांनी नळी खाली ठेवली. तुझ्या बाटलीच्या तिन्ही निळ्या होत्या. त्यांतली खास जिवाणूंची नळी मला किंचित फिकी वाटली. इतकी किंचित की तिच्याबद्दल इथे लिहू की नको हे मला कळत नव्हतं. यंत्रावर मोजलं तर फरक आहे, पण थोडा. म्हणजे आपले जिवाणू कदाचित थोडं काहीतरी करतात. बाकी सगळं श्रेय त्या मोठ्या बाटलीचं.

"म्हणजे तू काही लबाडी केली नव्हतीस," काकू म्हणाल्या.

"नाही."

"मग निनाद चुकला."

"नाही काकू. तो म्हणाला होता आकडे खरे नाहीत. ते नव्हतेच."

त्या कपाळाला आठ्या घालून बसल्या. दोघंही बरोबर आणि काम चुकीचं, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही ते रोज सकाळी नव्याने पटवून घ्यावं लागतं. आपण दोघांनी एकच बाटली वापरली असती तर हे झालंच नसतं, चूकही नाही आणि समोसेही नाहीत. तू माझ्याशेजारी एक दिवस उभा राहिला असतास तर तुला ती बाटली दिसली असती. तू म्हणालाही होतास, बघतो म्हणून. ते मला तेव्हा पोलिसी वाटलं होतं. आज त्या जागी बाकाशेजारी रिकामं स्टूल आहे आणि काम करताना मी मधूनमधून तिकडे बघतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पोस्टर आता बदललंय. मधोमध दोन बाटल्यांचा तक्ता आहे, खाली तुझं नाव पहिलं, आणि सचिनचा भंगारवाल्यांचा प्रश्न तू लिहिला होतास तिथेच. हरप्रीत म्हणतो, "भाई, हम हारने का पोस्टर बना रहे हैं." मॅडम म्हणाल्या, जे निघालं ते लिहा. वडिलांना मी फोन करून सांगितलं, जमलं म्हटलं होतं ते तसं नव्हतं. ते म्हणाले, "कळलं कुणामुळे?" मी तुझं नाव सांगितलं.

त्या शनिवारी मी नळ्या उचलायला लागलो तर काकूंनी हात मध्ये घातला.

"तो आत्ता इथे असता तर काय म्हणाला असता?"

मला विचार करावा लागला नाही. "म्हणाला असता, एकदा झालं म्हणजे काही नाही. परत कर."

त्यांनी कात्री घेतली आणि सगळ्या नळ्यांचे दोरे कापून टाकले. मग डब्यातून नवे दोरे काढले, वेगळ्या रंगांचे.

"कर मग," त्या म्हणाल्या. "आणि तयार झालं की तोंड तिकडे."